वय सांगून घेतलेला चष्मा

सफरू,
गुरुवार, १४ मार्च

प्रिय जवाद,

तुला, सिहामला आणि दोन्ही पोरींना आईचे पोटभर आशीर्वाद. अल्लाच्या कृपेने माझी तब्येत ठणठणीत आहे. थंडी सरली, पण चेरीची झाडं अजून उघडीबोडकीच आहेत. शेजारची झोहरा सलाम सांगते. फडताळात साखरेची एक ढेप आली आहे, तिचं पुढे लिहिते.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "आई, या वयात..." असं तू सुरू केलंस की मी गप्प बसते. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

आधी चष्म्याचं सांगते. तू पाठवलेला पोचला. डबी सुंदर आहे. पण चष्मा घातला की जमीन अंगावर येते आणि रेशमाच्या धाग्याचं दोरखंड होतं. सिहाम म्हणाली, ऑनलाइन मागवताना वय विचारलं, तर तू पासष्ट टाकलंस. पासष्ट! एकुलता एक मुलगा माझा, आणि आईला एका फटक्यात नऊ वर्षांनी म्हातारी करून मोकळा झालास. मुद्दाम केलं नाहीस, हे मला कळतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. तुझ्या मनात मी कधीच म्हातारी होऊन बसले आहे. म्हातारीने घर विकावं, कासाब्लांकाला यावं आणि नातींच्या वेण्या घालत दिवस काढावेत, एवढंच तुला दिसतं.

त्याआधीचा चष्माही चुकलाच होता, पण ती माझी करणी. गुरुवारच्या बाजारात चादर पसरून बसणारा चष्मेवाला तुला आठवत असेल. तो डोळे तपासत नाही. वय विचारतो आणि त्यावरून नंबर काढून देतो. आता सफरूतली कोणती बाई भर बाजारात खरं वय सांगेल? झोहरा स्वतःला चाळीसची म्हणवते आणि तिचा थोरला चौतीस वर्षांचा आहे. मी अठ्ठेचाळीस सांगितलं होतं. दारात बसून जिलाबा झग्यांची रेशमी बटणं विणणाऱ्या आम्ही सगळ्याच त्याचे चष्मे लावतो आणि सगळ्याच डोळे बारीक करून सुई चाचपतो.

मग एक दिवस शिंप्याने माझी बटणं परत पाठवली. गाठी सैल आहेत म्हणाला. माझ्या गाठी, जवाद! ज्या बटणांवर तुझी शाळा झाली, त्या माझ्या गाठी. मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर राग आला.

पुढच्या गुरुवारी मी त्या चष्मेवाल्यासमोर जाऊन उभी राहिले, वीस दिरहम पुढे केले आणि छप्पन्न सांगितलं. तो बिचारा कासावीस झाला. हळू बोला, लोक ऐकतील, म्हणाला. मी आणखी मोठ्याने सांगितलं. त्याने अडीच नंबरचा चष्मा दिला. पिशवीतली सुई काढून डोळ्यांसमोर धरली, तर नेढं लख्ख दिसलं, आणि नेढ्यापलीकडे पुदिन्याने लादलेलं गाढवही.

मागून कुणीतरी म्हणालं, "माझं एकोणसाठ. मलाही द्या."

तो अल्लाल होता. आपल्या गल्लीतल्या भट्टीचा अल्लाल. लहानपणी आपल्या भाकरींची फळी डोक्यावर घेऊन त्या भाजून आणायला तू त्याच्याकडेच जायचास. त्याची बायको गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परतताना आमची वाट एकच होती.

"तुमच्या फळीवर पूर्वी सहा भाकरी असायच्या," तो म्हणाला. "हल्ली एकच येते. माझ्याही घरात एकच लागते."

दुसऱ्या दिवशी भट्टीवर फळी नेली, तेव्हा तिच्यावर दोन भाकरी ठेवल्या होत्या.

आता तू पत्र खाली टाकलं असशील. उचल परत, अजून संपलेलं नाही.

रीतीप्रमाणे त्याची थोरली बहीण मला बघायला आली. हाजीण रकिया, तीच, जिच्या जिभेला सगळी गल्ली टरकून असते. झोहराने मला आदल्या दिवशीच बजावलं होतं की चष्मा लपव आणि एकोणपन्नास सांग. मी चष्मा नाकावर ठेवला आणि बटण विणत बसले. रकियाने चहा घेतला, भिंतींचे पोपडे पाहिले, आणि मग वय विचारलं.

"छप्पन्न."

"नवरी मुलगी आहेस. जरा कमी सांगायचं असतं."

"कमी सांगून पाहिलं. सुई दिसेना."

मला वाटलं, आता ही उठून जाणार. तिने स्वतःचा चष्मा काढला, हात पुढे करून माझा मागितला आणि तो लावून माझ्या बटणाची गाठ न् गाठ बघितली.

"मी त्या मेल्या चष्मेवाल्याला पन्नास सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेव्हापासून मसुरातले खडे खातेय."

जाताना ती साखरेची ढेप ठेवून गेली. म्हणजे मागणी घातली, आणि मी ढेप परत पाठवलेली नाही.

पुढच्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, काजी येतील. मी तुझी परवानगी मागत नाही, तुला कळवते आहे. तुझ्या वडिलांना मी विसरलेले नाही. शेवटपर्यंत त्यांचं सगळं मी केलं आणि जीव लावून केलं. तो जीव त्यांच्याबरोबर मेला नाही, त्याला मी काय करू? मला अल्लाल आवडतो. हे मी नव्या चष्म्यातून लिहिलं आहे, अक्षर बघ हवं तर.

घर विकणार नाही. नातींच्या वेण्या सुट्टीत घालीन, इथे, माझ्या दारात. तू आलास तर माझ्या शेजारी तुझी जागा आहे. आला नाहीस तर मी रडेन, पण त्या दिवशी भाकरी भाजल्या जातील.

तू पाठवलेला चष्मा डबीत जपून ठेवला आहे. पासष्टची झाले की घालीन. अल्लाल तेव्हा अडुसष्टचा असेल, डबी कुठे ठेवली ते तो सांगेल.

तुझीच आई,
यामना
वय वर्षे छप्पन्न