भोरची खोली

आबा,

तुम्हाला पत्र लिहायचं तर पहिला प्रश्न असा की ते वाचणार कोण. तुम्ही होता तेव्हाही तीच अडचण होती. मी कॉलेजात असताना एकदा लिहायला बसले होते, पण पत्र आलं की ते चुलत्याकडून वाचून घ्यावं लागणार, आणि चुलत्याला कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळणार, म्हणून तसंच ठेवून दिलं. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चुलताही राहिला नाही. तेव्हा निवांत लिहिते. कुणी वाचणार नाही म्हटल्यावर माणूस जरा खरं लिहितो.

मी काय काम करते हे तुम्हाला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. वाडीत कुणी विचारलं की तुम्ही सांगायचा, "पोरगी पुण्यात असती, शाळा तपासती." मी म्हणायची, आबा, मी साहेबीण नाही हो, मी शाळा तपासत नाही. तुम्ही म्हणायचा, "मग काय करतीस?" आणि मी विषय बदलायची. आज सांगते. मी भोर आणि वेल्ह्याच्या गावांतून फिरते आणि आईबापांना विचारते, की तुमचं मूल याच शाळेत का घातलंत? मग मुलाला जवळ घेऊन एक लहानसा उतारा वाचायला देते, वजाबाकी घालते आणि त्याला काय येतं ते बघते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही मेळ लागतो का, हा माझा अभ्यास. बहुतेक वेळा लागत नाही. विंझरला एक दुकानदार आहे, त्यानं दोन्ही पोरं गावातल्या शाळेतून काढून लांबच्या इंग्रजी शाळेत घातली. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, टाय लावून पोरगं रस्त्यानं चाललं की दिसतंय तरी, शिकतंय म्हणून." मी हसले, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शिकणं डोळ्यांना दिसत नाही आणि आईबापांना तर काहीतरी बघून ठरवावं लागतं. तुम्हीही बघूनच ठरवलंत.

ती गोष्ट आपल्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की ती मी डोळ्यांनी पाहिली असंच मला वाटतं. तुम्ही सातबाऱ्याच्या कामाला भोरला गेला होता. येताना एसटीत पुढच्या बाकावर कचेरीतल्या कुणा कारकुनाची मुलगी बसली होती, माझ्याच वयाची. ती खिडकीतून रस्त्याच्या कडेच्या पाट्या वाचत होती. एकही पाटी सोडत नव्हती आणि बाप नुसता हूं हूं करत होता. तुम्ही घाटाखाली उतरून चालत घरी आलात, हातपाय धुतले आणि चुलीपुढे बसलेल्या आईला म्हणालात, "भोरला खोली करायची. तू पोरीला घिऊन जा." आई भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. "आन तुमच्या खान्याचं?" "मला काय हात न्हाईत व्हय?" झालं, एवढ्यात ठरलं. आज आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी मुलांच्या शाळेसाठी असं खोली करून राहतं. आई मुलांना घेऊन भोरला नाहीतर हायवेच्या गावाला, बाप मागे जमीन आणि जनावरं सांभाळत. कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण आपल्या वाडीत पहिले तुम्ही. लोक म्हणाले, भांडणं झाली असतील. तुम्ही कुणाला काही सांगत बसला नाहीत.

भोरच्या त्या खोलीत मी मोठी झाले. एक खिडकी, बाहेर सामाईक नळ, आणि भिंतीपलीकडे घरमालकाचा रेडिओ. आई एका खानावळीत पोळ्या लाटायला जायची. बाजाराच्या दिवशी तुम्ही यायचा. तांदूळ, नाचणीचं पीठ, पावसाळ्यात कसलीतरी रानभाजी फडक्यात बांधलेली. तुम्ही उंबऱ्यावर बसायचा, आत येत नव्हता. टोपीही काढायचा नाहीत. चहा घ्यायचा, मला जवळ ओढून डोक्यावर हात ठेवायचा आणि शेवटच्या गाडीच्या आधी उठायचा, कारण म्हशीची धार काढायला दुसरं कोण होतं? पहिल्या पहिल्यांदा आई तुम्हाला नाक्यापर्यंत सोडायला यायची. नंतर दारापर्यंत. नंतर तुम्ही आलात की ती कामावर असायची आणि किल्ली शेजारी ठेवून जायची. तुमच्यात कधी वादावादी झालेली मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी सातवी-आठवीत असताना तुम्ही एकदा आईला विचारलंत, "तुमच्या हिकडं पानी रोज येतं का?" तुमच्या हिकडं! आईनं सरळ उत्तर दिलं, येतं म्हणून. मी पुस्तकातून मान वर काढून तुम्हा दोघांकडे बघितलं. दोघांनाही काही जाणवलं नव्हतं.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच रागे भरलात. दिवाळीची सुट्टी संपली होती आणि मी भोरला जायचं नाही म्हणून गोठ्याच्या खांबाला धरून बसले होते. तुम्ही माझा हात सोडवलात, जोरात, आणि ओरडलात, "म्या हितं एकटा भाकरी भाजतुया ती काय तुझं रडं बघायला?" मग स्वतःच बाजूला जाऊन उभे राहिलात. तुमच्या बोटांवर तव्याचे डाग होते, जुने आणि नवे. मी गुमान निघाले. त्यानंतर मी कधी रडले नाही आणि पहिल्या नंबराच्या खाली कधी आले नाही. लोकांना वाटायचं मुलगी हुशार आहे. मला नुसती भीती वाटायची, आबा.

तुम्ही गेलात तेव्हा आई माझ्याकडे पुण्यात होती. चुलत्यानं सकाळी नेहमीसारखी हाक मारली, ओ आली नाही, आणि म्हैस रेकत होती. एवढंच त्यानं फोनवर सांगितलं. आम्ही पोहोचलो तेव्हा चुलीजवळ तुमची ताटली पालथी घातलेली होती. एकच ताटली आणि एकच तांब्या. आई त्या घरात पाहुण्यासारखी कडेला बसली. मीठ कुठं असतं हे तिला चुलत्याच्या सुनेला विचारावं लागलं, आणि तेव्हा ती रडली.

यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊकच आहे. लिहायला बसले ते गेल्या उन्हाळ्यातल्या एका दिवसामुळं. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर गेले होते. तरुण जोडपं, तिसरीतून चौथीत गेलेली एक मुलगी, दोन म्हशी आणि भाताची थोडी खाचरं. पडवीत बोचकी बांधून ठेवलेली. बायको मुलीला घेऊन हायवेवरच्या किकवीला खोली करून राहणार होती, इंग्रजी शाळेसाठी. कसं ठरवलंत, म्हणून विचारलं तर नवरा म्हणाला, लग्नात मेहुण्याचा पोरगा भेटला, "फाडफाड इंग्लिस बोलत हुता, मॅडम. आमची नुसती बघत बसली." वस्तीच्या शाळेत किती शिकवतात ते तुम्ही पाहिलंत का, असं विचारल्यावर बायको म्हणाली, "सर चांगलं हायती वो. पण तितं हायतीच किती पोरं? आन शिकवत्यात का न्हाई ते आमाला काय कळतंय?"

मी मुलीला उतारा दिला. तिनं तो हातात धरला, घसा साफ केला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढला. कुठं थांबावं, कुठं आवाज चढवावा, सगळं तिला कळत होतं. मग न विचारता सांगितलं की यातली म्हातारी खोटं बोलतेय. इतकं सुरेख वाचणारं मूल मला पूर्ण तालुक्यात क्वचित भेटलंय. बाप दारात वैरणीचा भारा घेऊन उभा होता. भारा तसाच डोक्यावर. तो बायकोला म्हणाला, "हे हिला कवापास्नं येतंय?" बायको म्हणाली, "मला काय म्हायती? घरात कोण वाचाया लावतंय?"

आबा, तिथंच मी वही मिटली. कारण मला एसटी आठवली. कारकुनाच्या मुलीची नव्हे, आपली, खोलीवर राहायला निघालो त्या दिवसाची. मागच्या बाकावर आपण तिघं, पायाशी पत्र्याची पेटी आणि दोरीनं बांधलेली भांडी. मी पहिल्यांदाच भोरला निघाले होते आणि माझ्या आनंदाला पारावार नव्हता. आणि मी वाचत होते. "वाहने सावकाश हाका." "विनातिकीट प्रवास करू नये." वळणावरची पाटी, दुकानावरची पाटी, जे दिसेल ते, मोठमोठ्यानं. आपल्या वाडीतल्या त्या एका खोलीच्या शाळेत गुरुजींनी मला केव्हाच वाचायला शिकवलं होतं. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. "कुनी शिकिवलं?" मी म्हटलं, गुरुजींनी. "कवा?" लई दिवस झाले, मी म्हटलं. तुम्ही वाकून पेटीची दोरी ओढून पाहिलीत, ती घट्टच होती, तरी पुन्हा पाहिलीत. मग भोरपर्यंत बाहेर बघत राहिलात.

इतकी वर्षं ही आठवण माझ्याकडे होती, सुखाची आठवण म्हणून. कारकुनाच्या मुलीची गोष्टही होती. दोन्ही मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. ज्यासाठी तुम्ही घर मोडून दोन केलंत ते मला घरातच येत होतं. तुम्ही कधी मला पाटीपुढं उभं केलं नव्हतं, आणि मला तरी काय ठाऊक, की बापाला वाचून दाखवायचं असतं? आता एकच विचारावंसं वाटतं. त्या गाडीत तुम्हाला कळलं होतं ना? कंडक्टरला हाक मारून उतरता आलं असतं. पण वाडीत सगळ्यांना सांगून झालं होतं, खोली ठरली होती, भांडी बांधली होती. का तुम्ही असा विचार केलात, की हिला एवढं येतंय तर पुढं आणखी येईल? मला हे कधीच कळणार नाही. तुम्ही असता तरी सांगितलं नसतं.

निघताना तो तरुण मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. बायकोला ऐकू जाणार नाही इतकं लांब आल्यावर थांबला. म्हणाला, "मॅडम, तुमी लई शाळा बघितल्या. खरं सांगा. जाऊ दिऊ का हितंच ठिऊ?" असं कुणी विचारलं तर आम्ही सल्ला द्यायचा नाही, असा आमच्या कामाचा दंडकच आहे. पण दंडक बाजूला ठेवला तरी उत्तर माझ्याजवळ तयार होतं. त्या शाळेतले सर उत्तम होते. पोरगी फुलत होती. किकवीच्या त्या शाळेतली मुलं मी तपासली होती, इंग्रजी कविता धडाधडा म्हणत होती आणि अर्थ विचारला की शेजारच्याकडे बघत होती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याच्या खांद्यावरून मला ते घर दिसत होतं, ज्यात तो एकटा राहणार होता. किकवीहून त्याची बायको पहिल्या वर्षी दर आठवड्याला येईल, मग सणाला येईल, मग तो तिला विचारेल, तुमच्या हिकडं पाणी येतं का. हे सगळं मला समोर दिसत होतं. "ठेव, इथंच ठेव," एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "जाऊ दे."

त्यानं मान हलवली. थोडा हसला आणि म्हणाला, "मग भाकरी शिकाया पायजे." मी गाडीत बसले. नंतर कळलं की त्या दोघी पाऊस लागायच्या आत किकवीला गेल्या. म्हणजे आता तिथं वर आणखी एक माणूस एकट्यानं जेवायला बसत असेल.

हे मी अहवालात लिहिलेलं नाही आणि आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. त्याला "नको" म्हटलं असतं, तर तुमची ती सगळी वर्षं वाया गेली असं मीच माझ्या तोंडानं म्हटल्यासारखं झालं असतं. ते मला जमलं नाही, आबा.