भस्म न लावलेला पंप

प्रिय अप्पा,

तुम्ही उदगीर जिल्ह्याच्या मागणीच्या मोर्च्यासाठी मुंबईला गेलात आणि तुमच्यामागे मी गॅरेज उघडलं. चिडू नका, पाने-पकडी जिथल्या तिथे ठेवल्या आहेत. माझ्या गाडीचं स्टिअरिंग दुरुस्त झालं, आता एका बोटाने फिरतं. ऐकून तुम्हाला आनंद होईल असं लिहिणार होते, पण आपल्या घरात आता आणखी खोटं नको.

लातूरच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवायची नेमणूक मिळाली, तेव्हा तुम्ही पेढे वाटले नाहीत, अट घातली. "तिकडं ऱ्हायचं न्हाई. रोज सांजेला घरी यायचं, अन् एसटीच्या भरवशावर न्हाई, सोताच्या गाडीनं." मी कबूल झाले. आई गेल्यापासून तुमच्या घशाखाली एकट्याने घास उतरत नाही, हे काय मला दिसत नव्हतं? म्हणून ही जुनी गाडी घेतली. पॉवर स्टिअरिंगचा पंप गेलेला होता, तेवढाच दोष. तुम्ही नांदेडहून नवा पंप आणलात, मला हातही लावू न देता स्वतः बसवलात, आणि स्टिअरिंग होतं तेवढंच जड राहिलं. "गाडीतच खोट हाय," म्हणालात आणि हात पुसत उठलात. वीरभद्र मिस्त्रीचं, म्हणजे तुमचं, काम फसलं आणि तुम्ही शांतपणे चहा पीत बसलात, तेव्हाच खरं तर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

नाही पडला. हजर व्हायला हातापाया पडून आठवड्याची मुदत मागून घेतली आणि गाडीखाली शिरले. पट्टा पाहिला, ताण ठीक होता. तेल पाहिलं, भरलेलं होतं. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बसले, तेलातली हवा निघावी म्हणून. बुडबुडे थांबले, जडपणा थांबेना. नळ्या सोडवून फुंकून पाहिल्या. गंगम्मा आत्या दारात येऊन म्हणाली, "पोरी, तुझ्या बापाला जमंना, तुला काय जमतंय? पाणी न्हाई हात धुवायला, कशाला काळी व्हतीस?" खरंच नव्हतं, दुष्काळच तसा. लाकडाच्या भुशाने घासून हातांची कातडी सोलवटली होती. सगळं उघडून पाहिलं, फक्त पंप उघडला नाही. तुम्ही बसवलेला पंप मी कशाला उघडू?

त्या आठवड्यात गाडी रस्त्यावर नेऊन पाहायचा हट्टही मीच केला. तळ्याच्या वळणावर दोन्ही हातांनी ओढूनही ती वळेना आणि समोरून पाण्याचा टँकर आला. त्या ड्रायव्हरने टँकर रस्त्याच्या खाली घातला म्हणून वाचले. घरी येऊन सांगितलं तर तुमचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, लेकीसाठी. मग म्हणालात, "बघ, मी सांगत व्हतो. न्हाई जमायचं हे." संध्याकाळी चौकात सभा होती. लाऊडस्पीकरवर तुमचा आवाज घरापर्यंत येत होता: "आमच्या लेकीबाळींनी लातूरला कुठवर खेटे घालायचे? उदगीर जिल्हा झालाच पाहिजे!" लोकांनी काय टाळ्या वाजवल्या, अप्पा! मी उंबऱ्यावर बसून दुखऱ्या खांद्याला तेल चोळत होते.

लहानपणी मी तुमच्या मागे भस्माचा डबा धरून उभी राहायचे, आठवतं? काम पुरं झालं की तुम्ही तीन बोटं भस्मात बुडवून त्या भागावर ओढायचा. कार्बोरेटर असो की साधा ब्रेक, भस्माशिवाय गाडी गॅरेजबाहेर पडली नाही. गिऱ्हाईक हसायचे. तुम्ही म्हणायचा, "काम खरं झालं, म्हून देवाला सांगावं लागतं." काल बॉनेट उघडून पुन्हा डोकं खाजवत उभी होते, तेव्हा दिसलं की नव्या पंपावर भस्म नाही. मला तुमची कीव आली. म्हातारपण आलं, विसरले असतील, म्हटलं मीच लावते, कुणास ठाऊक, त्यानेच गाडी सुधारेल! फळीवरचा डबा काढला, बोटं घातली, तर भस्मात काहीतरी टोचलं. करंगळीएवढी स्प्रिंग होती, नवी कोरी.

ती कुठली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पंपाचा मोठा नट काढला की आत एक छोटी झडप असते, तिच्यामागे ही बसते. ती नसली की तेल पंपातल्या पंपात फिरत राहतं, चाकांपर्यंत जोर पोचत नाही. आवाज नाही, गळती नाही, काही नाही. इतकं सफाईदार काम तुम्हीच करावं. ती फेकून द्यायचा तुम्हाला धीर झाला नाही, आणि खोट्या कामावर भस्म ओढायचाही झाला नाही. मी स्प्रिंग बसवली, गाडी चालू केली आणि स्टिअरिंग फिरवून रडले.

अप्पा, "शिवा, जाऊ नको" एवढं तुम्ही म्हणाला असतात तर मी भांडले असते, आदळआपट केली असती, पण तुमच्यासमोर केली असती. तुम्ही माझ्याच हातातली गाडी बिघडवलीत, आणि टँकर समोर येऊन गेल्यावरसुद्धा ती तशीच राहू दिलीत. हे मला गिळवत नाही. लातुरात खोली घेतली आहे. तिथे पाणी रेल्वेने येतं, घागरभर मिळालं तरी भागेल. हे पत्र भस्माच्या डब्यात ठेवते, पहिलं काम पुरं झालं की हाताला लागेल. आत्या दोन वेळचा डबा देणार आहे, जेवत जा. पंपावर तीन बोटं मी ओढली आहेत, आणि आता निघते. तुम्ही ती स्प्रिंग काढली नसती, तर मी रोज सांजेला घरी आले असते.

तरीही तुमचीच,
शिवकांता