हे की हे?

४ एप्रिल

ठरलं! आफ्रिका. आधी जंगल, मग समुद्र. अगदी दक्षिणेकडे, जिथे नदी वाळवंटातच पसरून जाते आणि हत्ती पोहत पलीकडे जातात. ऑगस्टमध्ये लग्न, लग्न झालं की लगेच विमान. तेव्हा तिथे कोरडा मोसम असतो, सगळी जनावरं पाण्यावर येतात म्हणे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी हनिमून! लिहितानाही हसू फुटतंय. पहिल्या लग्नानंतर आम्ही 'ह्यां'च्या मामांकडे राहून आलो होतो – सासूबाई आणि दोन नणंदांसकट. 'हे' गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. या खेपेला बरोबर कोणीही नाही. फक्त कानसेन.

कानसेन म्हणजे माझा होणारा नवरा. पियानो सुरात लावून देतो. माझ्या पहिल्या मजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानाच्या वर संगीताचा क्लास आहे, तिथला पियानो लावायला यायचा. जिन्यात ओळख झाली. बोलता बोलता सारखा माझ्या कानाकडे बघायचा. म्हटलं, कानसेन तो, कानाकडेच बघणार! लाजतो बिचारा. नजरेला नजर द्यायची अजून सवय नाही.

तोंडावर आमचं 'अहो', 'तुम्ही' चालू आहे. वहीत मात्र तो 'तो'च. वहीला काय कळतंय!

७ एप्रिल

ताईला फोन केला. थोरली बहीण, तिला आधी सांगावं म्हटलं, तर – "या वयात? सिंहांपुढे? आणि तुझ्या गुडघ्यांचं काय?" म्हटलं, गुडघे बरोबर नेणार आहे. जीपमध्ये बसून तर फिरायचंय! मग आवाज खाली आणून म्हणाली, "माणूस नीट पारखलास ना गं?"

अगं, जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघत आले मी. मला नाही कळणार?

१२ एप्रिल

ट्रॅव्हलवाली पोरगी दुकानात आली होती. चुणचुणीत आहे. टॅबलेटवर फोटो दाखवत होती. नदीकाठचा तंबू – तंबू कसला, महालच! आत पितळी टब, बाहेर लाकडी ओटा, ओट्यालगत इवलासा तलाव. दुसरा पर्याय, झाडावरचं घर. छप्पर सरकवून चांदण्यात झोपायचं. मी कानसेनला सगळं वर्णन करून सांगितलं, अगदी पडद्यांच्या झालरीसकट. मला दाखवण्यापेक्षा सांगण्याचीच हौस जास्त. मग टॅबलेट त्याच्या हातात दिला आणि सवयीने विचारलं, "हे की हे?"

दिवसभर भिंगं बदलत गिऱ्हाइकांना मी हेच विचारते. हे बरं दिसतं, की हे?

"दुसरं," कानसेन म्हणाला. क्षणभरही घुटमळला नाही. असा माणूस हवा! 'ह्यां'ना साधा रुमाल घ्यायला अर्धा दिवस लागायचा.

मग पोरीने पाणघोड्यांचा व्हिडिओ लावला. तो त्याने पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. डोळे मिटून ऐकत होता. "जरा उतरलाय याचा सूर," म्हणाला. "जाऊन लावून यायला पाहिजे!" पोरगी हसून हसून लाल.

१३ एप्रिल

झाडावरचं घर पक्कं. चांदणं आमचं!

२१ एप्रिल

आज एका आजोबांनी डोकं उठवलं. भिंग बदललं, विचारलं, हे की हे? "दुसरं." परत बदललं. "दुसरं." शेवटी मी माझी युक्ती काढली – तेच भिंग काढून तेच परत घातलं. "दुसरं, दुसरं. फारच छान!" झालं. धंद्यातली ही पहिली खूण. जो सारखं दुसरं म्हणतो, त्याला फरक दिसत नसतो. आपल्याला खूश करायला बघत असतो. त्यांना समजावून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

कानसेनला मेसेज केला की तो उलट फोनच करतो. आज म्हणाला, "तुमचा आवाज असताना अक्षरं कशाला?" जुन्या वळणाचं माणूस! मी फोन ठेवल्यावरही बराच वेळ हसत होते.

२ मे

त्याच्यासाठी दुर्बीण आणली. हलकी, उजेड भरपूर घेणारी. बिबट्या फांदीवर लोळत असतो, साध्या डोळ्यांना तो नुसती सालच वाटेल. खिडकीतून समोरच्या छपरावरची कबुतरं दाखवली. त्याने डोळ्यांना लावली आणि म्हणाला, "वा!"

मधलं चाक फिरवलंच नाही. माझ्या नजरेला जुळवलेली होती, तशीच बघितली. म्हटलं, अहो, आपल्या नजरेला जुळवून घ्या की. "तुमच्या नजरेने दिसतंय ते काय वाईट आहे?" म्हणाला.

मी गालाला हात लावला तर गरम.

९ मे

समुद्राचंही ठरलं. बेटावरची खोली, दारापासून पाण्यापर्यंत नुसती पांढरी वाळू. दुपारभर काही करायचं नाही. मला काही न करणं जमेल का, एवढीच शंका. हे की हे? – "दुसरं."

पोरीला सोडायला दारापर्यंत गेले. हळूच म्हणाली, "मॅडम, एक गंमत सांगू? काका प्रत्येक वेळी दुसरंच म्हणतात. तंबू, जीप, खोली, विमानातली जागा – सगळं दुसरं! म्हणून मी आता चांगलं असेल ते दुसऱ्या नंबरवरच ठेवते."

मी मोठ्याने हसले. म्हटलं, लग्नही दुसरंच आहे, त्याला दुसरंच आवडणार!

ती गेली. मी दारातच उभी राहिले.

१० मे

दुर्बिणीचं चाक. मेसेज. हॉटेलात मेन्यूकार्ड न उघडता "तुम्ही घ्याल तेच". माझा कान!

नाही. असेल काहीतरी दुसरं कारण. बघ, मीही दुसरंच म्हणतेय.

११ मे

संध्याकाळी तो आला. मी त्याला समुद्राचा एक फोटो दाखवला. बोट सरकवलं आणि तोच फोटो पुन्हा दाखवला. या वेळी वर्णन केलं नाही. तोंड घट्ट मिटून घेतलं.

"हे की हे?"

"दुसरं," तो म्हणाला. "फारच छान."

मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि नळ सोडून रडले.

१३ मे

आज सांगून टाकलं. गिऱ्हाईक नव्हतं, तपासणीच्या खुर्चीत तो बसला होता. "अहो, परवा फोटो एकच होता."

तो म्हणाला, "पकडलंस." पहिल्यांदाच एकेरी! आणि तेही अशा वेळी.

डोळ्यांचा पडदा खराब झालाय. मधोमध डाग आहे, कडेकडेने दिसतं. जिने, रस्ते, पियानोच्या तारा, सगळं निभावतं. अक्षरं आणि फोटो गेले. डॉक्टर म्हणतात, डाग वाढणार.

मी भडकले. "मग आफ्रिकेला हो का म्हणालात? बिबट्या काय वास घेऊन बघणार होतात?"

"हत्ती मोठा असतो," तो म्हणाला. "हत्ती दिसेल. बाकीचं तू सांगशीलच की. तू सांगतेस तेव्हा मला पडद्यांच्या झालरीसुद्धा दिसतात."

हसायचं नाही असं ठरवलं होतं. हसले, आणि त्यानेच राग आणखी वाढला. खोटं बोलला माझ्याशी! आणि मी? गावभरच्या डोळ्यांची पारख करणारी, घरच्याच डोळ्यांपुढे ठार आंधळी!

"कानाकडे बघता ते?"

"कानाकडे बघितलं की तुझा चेहरा दिसतो. सरळ बघितलं की तो नाहीसा होतो." मग उठला. "लग्न मोडलंस तर मी एका शब्दाने विचारणार नाही. आधीच सांगायला हवं होतं. पण मग तू माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघितलं असतंस."

तो कठडा धरून जिना उतरला. रोजच धरतो. मला ते आज दिसलं.

१४ मे

ताईचा फोन. घेतला नाही.

झाडावरचं घर, पांढरी वाळू, त्याने काहीच निवडलं नव्हतं तर! तो नुसता माझ्या आवाजामागून चालत होता. त्याला स्वतःला काय हवंय, हे मी एकदाही विचारलेलं नाही.

१५ मे

सकाळीच त्याच्या घरी गेले. दार उघडल्या उघडल्या म्हटलं, "मी वर्णन करणार नाहीये. फोटोही नाहीये. ऑगस्टमध्ये लग्न आणि हत्ती, की सगळं रद्द? आणि मला खूश करायला काही बोललास तर याद राख. हे की हे?"

विचारलं आणि मगच लक्षात आलं. या माणसाच्या तोंडात एकच उत्तर बसलेलं!

तो किती तरी वेळ माझ्या कानाकडे बघत राहिला.

"पहिलं," म्हणाला.