रिकाम्या खुंटाचा अर्ज

मास्तर, तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी बरंच वाचलं, त्याहून जास्त बोललो, आणि हजारो माणसांसमोर बोलताना मला कधी शब्द शोधावा लागला नाही. पण कुठल्याशा कागदावर 'आधीचा' एवढंच इंग्रजीत लिहायची वेळ आली की माझा हात अजून थांबतो. मराठीत आपण सगळ्यालाच आधीचा म्हणतो आणि ऐकणारा समजून घेतो. कचेरी समजून घेत नाही, असं तुम्ही म्हणायचात.

तुम्ही आम्हाला हे शब्द राजपुरीच्या धक्क्यावर शिकवले होते. शाळेची सहल होती, लाँच यायला उशीर होता, आणि तुम्हाला वेळ फुकट गेलेला खपत नसे. "आपल्या लाँचच्या आधी जी सुटली, ती प्रीव्हियस. पूर्वी चालायची, आता बंद पडली, ती फॉर्मर. रांगेत आपल्या पुढे उभा आहे, तो प्रिसीडिंग. आणि आपल्या अगोदर ज्याने जागा धरली, म्हणून ज्याचा हक्क अगोदर, त्याचा क्लेम प्रायर." मागून कुणीतरी विचारलं, "मास्तर, आणि जी लाँच येतच नाही ती?" तुम्ही म्हणालात, "ती आपल्या नशिबाची, तिला इंग्रजी नाही." आम्ही हसलो. मी ते चारही शब्द त्याच दिवशी पाठ केले आणि परीक्षेत पहिला आलो. पाठ केलेलं मला येतं असा माझा समज त्या दिवसापासूनचा.

निवृत्तीनंतर तुम्ही मुरूडला आपल्या घराच्या ओटीवर बसून लोकांचे अर्ज इंग्रजीत लिहून देऊ लागलात. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, आणि नवाबाच्या काळात जे सगळ्या गावाला ठाऊक होतं ते नव्या कचेरीला कागदावर समजावून द्यावं लागत होतं. दुपारचा नमाज आटोपून तुम्ही बाहेर यायचात, तोवर ओटी भरलेली असायची. तुमचा एक नेम होता. इंग्रजी अर्ज तयार झाला की तो मराठीतून अर्जदाराला वाचून दाखवायचा, त्याने मान डोलावली तरच खाली आपली सही करायची. एखाद्या अर्जासाठी अर्धा दिवस जायचा. पुढे तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि लिहायला तुम्ही मला बोलावलंत. शब्द तुमचेच, हात तेवढा माझा, असं गाव समजत होतं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, कुळांच्या सभांमधून बोलत होतो, लोक मला ओळखू लागले होते.

ती बाई आली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. कोळीवाड्यातली, नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं, सोबत धाकटा दीर. समुद्रात डोल जाळी बांधायला खुंट रोवलेले असतात आणि कुठला खुंट कुठल्या घराचा हे पिढ्यानुपिढ्या ठरलेलं असतं. ती सांगत होती, "मालक गेलं तवा आमी खुंट रिकामा ठेवला. आन शेजारच्या गावच्यांनी त्याच्यावर आपलं जालं बांधलं." तिचं पहिलं वाक्य मी ऐकलं, पण मला दुसरं हवं होतं. एका विधवेची जागा बळकावली, यात मला सगळं भाषण दिसत होतं. मी दोन पानं लिहिली. त्यांत अन्याय होता, जुलूम होता, आणि त्या घराची जागा मी 'फॉर्मर' म्हणून लिहिली होती. गमावलेल्या राज्यासारखा तो शब्द मला वाटला. संध्याकाळी नागावला माझी सभा होती आणि अलिबागकडे जाणारी गाडी उभी होती. तुम्ही सही करायला दौत पुढे ओढलीत आणि विचारलंत, "वाचून दाखवलंस ना त्यांना?" मी म्हणालो, "हो."

मी वाचून दाखवलं नव्हतं. 'आमची पूर्वीची जागा' एवढं मी मराठीतून म्हटलं असतं तरी तिने मला तिथेच धरलं असतं.

कचेरीत सुनावणी चालू आहे. मी मागे भिंतीला टेकून उभा आहे, तुम्ही बाकावर. मामलेदार अर्ज वर करून तिला विचारतो, "बाई, ही जागा पूर्वी तुमची होती, आता नाही, असं तुमच्याच अर्जात आहे. म्हणजे तुम्ही ती सोडलीत ना?"

"सोडंल कोन?" तिचा आवाज बाहेरच्या पिंपळापर्यंत जातो. "घरचा धनी गेला की त्या घरानं एक हंगाम जालं लावायचं न्हाय, आन दुसऱ्या कुनी तिथं यायचं न्हाय. ही आमच्या दर्याची रीत हाय. ह्यांना ठावं न्हाय व्हय? इचारा त्या म्हाताऱ्याला. मगाधरनं जमिनीत काय शोधतोय तो?"

सगळे हसतात. शेजारच्या गावचा म्हातारा आणखी खाली बघतो. मामलेदार हसत नाही. "असेल रीत. पण अर्जात त्या रीतीचं नाव नाही. अर्जात आहे ते वेगळंच आहे."

तेव्हा तुम्ही उठलात. "साहेब, लिहिणाऱ्याची चूक आहे. सही माझी आहे."

"मास्तर, तुमच्याकडून?" तो चकित झाला होता.

"डोळे गेले साहेब. दुसरं काय."

मी भिंतीला टेकून उभाच होतो. चार पावलं पुढे येऊन बोलायचं होतं, आणि बोलणं हे तर माझं कामच होतं.

घरी परतताना तुम्ही माझा दंड धरून चालत होतात. बाजार मागे पडल्यावर विचारलंत, "फॉर्मर का लिहिलंस?"

"त्यात जोर आहे असं वाटलं."

"जोर?" तुम्ही थांबलात. "अरे बाबा, मामलेदार काय टाळ्या वाजवायला बसलाय?"

एवढंच. ते दुसरं, ओटीवर जे विचारलं होतंत, ते तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मी वाट पाहत होतो, मग घर आलं.

दुसरा अर्ज तुम्ही शब्दन् शब्द सांगून माझ्याकडून लिहून घेतलात. त्यात रीत आधी आली, हक्क नंतर आणि 'प्रायर' शेवटी, आणि तो सबंध तुम्ही तिला स्वतः मराठीतून सांगितलात. पुढच्या सुनावणीत त्या म्हाताऱ्याने कबुली दिली की खुंट तिचाच. पण निकाल लागेतो नवाही हंगाम संपला होता. तो सबंध हंगाम ती दुसऱ्यांचे बोंबील रोजावर वाळत घालत होती. तिला जागा परत मिळाली. तुमची ओटी मात्र ओस पडली. मास्तरांच्या हातून आता चुका होतात, असं गावात बोललं गेलं आणि माणसं बाजारातल्या दुसऱ्या अर्जनविसाकडे जाऊ लागली. त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात. मी येत असे, आपण वर्तमानपत्र वाचत असू, मी नव्या सरकारावर तावातावाने बोलत असे आणि तुम्ही ऐकत असा.

पुढे ही हकिकत मी सभांमध्ये सांगू लागलो. परक्या भाषेतल्या एका शब्दाने कोळणीच्या घरचा घास कसा काढून घेतला, असं मी सांगतो. दिवेआगरला सांगितलं, तळा गावी सांगितलं. टाळ्या हमखास पडतात. तो शब्द कुणी लिहिला हे आजवर एकाही श्रोत्याने विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात मुरूडला बोललो. सभा उठल्यावर ती भेटायला आली. केस पिकलेत, आवाज तसाच. पदराखालून सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पुडी काढून माझ्या हातात देत म्हणाली, "मास्तर देवमानूस व्हते. पन आमच्या टायमाला चुकलं बगा. म्हातारपन, दुसरं काय." मैदान रिकामं झालं होतं. पेट्रोमॅक्स उतरवणारा माणूस सोडला तर आसपास कुणी नव्हतं. मी म्हणालो, "हो, वय झालं होतं त्यांचं." आणि पुडी घेतली.

हे पत्र कुठे जायचं नाही. ती मुरूडलाच राहते, घर मला ठाऊक आहे. तरी लिहायला मी तुम्हालाच निवडलं, कारण तुमच्याकडून उलट प्रश्न येणार नाही.