खाट डावीकडे

९ मार्च

तीर्थरूप मामांस नमस्कार.

पाच महिने पत्र नाही, त्याची क्षमा असावी. कारणं रोज डायरीत लिहीत होते, पण तुम्हाला पाठवण्याजोगं एकही वाटेना. गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? मी ठीक आहे, दमले आहे इतकंच.

आमचे नाट्यशास्त्राचे सर निवृत्त झाले आणि नवशिक्यांचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. (मी भाषा शिकवते. पण चाळीस वर्षं पडद्यामागे काढलेल्या माणसाची भाची, एवढी पात्रता प्राचार्यांना पुरली.) मुलं अकरा. शनिवारी प्राचार्यांसमोर अर्ध्या तासाचं नाटक करायचं आणि ते पाहून त्यांनी वर्ग ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवायचं, असं ठरलं. नाटक गंभीर. वडील अंथरुणाला खिळलेले. आठ वर्षांनी मुलगी माफी मागायला येते.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर रंगमंच काढला आणि डावी बाजू माझ्या, म्हणजे प्रेक्षकांच्या, डावीकडे दाखवली. पंधरा दिवसांनी वर्गाच्या पुस्तकात वाचनात आलं की डावं-उजवं प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचं धरायचं. (पान चौथं. मी पाचव्यापासून सुरुवात केली होती. चौथ्यावर चित्र होतं, ते सोपं समजून सोडलं.) मी वर्गात चूक कबूल केली. त्या दिवशी खाट लावणारे दोघे गैरहजर होते. त्यांना सांगायचं राहिलं. तालमी वर्गातच झाल्या, तिथे खाट म्हणजे भिंतीला जोडलेली दोन बाकं, त्यामुळे घोळ कळला नाही. सभागृह मिळालं ते थेट शनिवारी.

तर खाट माझ्या डावीकडे लागली आणि मुलगी नटाच्या डावीकडे गेली. डोळे मिटून, गुडघे टेकून तिनं एका रिकाम्या स्टुलाची माफी मागितली. फार सुंदर मागितली, मामा. डोळे उघडल्यावर तिला चूक कळली, पण प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही हेही मीच शिकवलेलं, म्हणून ती खाटेकडे खेकड्यासारखी सरकू लागली. वडिलांना तिची दया आली. ते उशी काखेत मारून उठले आणि म्हणाले, "थांब पोरी, मीच येतो." विंगेतून वाक्यं सांगणारा ओरडला, "अरे, तू उठू शकत नाहीस!"

दोष कोणाचा, यावर मी डायरीत तीन पानं लिहिली. तिन्ही माझ्याकडेच येतात.

आपली,
भाची

ता. क. वर्ग वाचला. प्राचार्य हसून हसून घामाघूम झाले. इतकं चांगलं विनोदी नाटक बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही म्हणाले; पुढच्या महिन्यात पाहुण्यांसमोर असंच हवं आहे. मुलीचं काम करणारी विद्यार्थिनी दोन दिवस वर्गात आलेली नाही.

ता. क. पत्राचं खरं कारण हे. तुम्ही प्राचार्यांना दोन ओळी लिहाल का, की गंभीर चेहऱ्यानं हसवायचं असा एक नाट्यप्रकार असतो आणि तो मुद्दाम शिकवावा लागतो? तुमच्या सहीला वजन आहे.

ता. क. लिहू नका. पाकीट बंद करणार, इतक्यात त्या विद्यार्थिनीचाच फोन आला. म्हणाली, "मॅडम, मी खरंच रडत होते हो. ते हसले तर हसू देत, पण तुम्ही तरी त्यांना विनोदी म्हणू देऊ नका." मी बरं म्हटलं. वर्ग गेला तर अकराही जणांचा जाईल, हे तिलाही माहीत आहे.

डायरीत लिहून ठेवलं आहे. उद्या: प्राचार्यांना सांगणे, नाटक गंभीर होतं.