दाराची आतली फळी

सिंदी, सोम. ५ नोव्हें. १९५६

दसऱ्याच्या सकाळी मी छोट्या शेठच्या गाडीवर विहिरीच्या सात बादल्या पाणी ओतलं. चार बाहेरून, तीन आतून, दारं उघडून. मग हळदकुंकू, अक्षता, झेंडू, नारळ. आणि ओल्या गाडीवरच ताडपत्री आवळली, जिनात कापसाच्या गाठी झाकतो तशी. हे मी एकटाच जाणतो. म्हणून इथं तरी लिहून ठेवतो.

आज दुपारच्या गाडीनं छोटे शेठ नागपूरहून आले. दोन माणसांची ही लाल विलायती शर्यतीची गाडी थोरल्या शेठना डोळ्यासमोर नको असते, म्हणून ती इथं जिनाच्या गोदामात. ताडपत्री काढली तर कुबट वास. डाव्या दाराची आतली फळी फुगून, वाकून बाहेर आलेली. दार लागेना.

"किसने धोई?" छोट्या शेठनी विचारलं.

जिनाचे दिवाणजी म्हणाले, "गाडी सुखदेवच धुतो. नागपूरले पळाच्या आधी धुतली असन आन् वल्लीच सोडली असन."

सुखदेव जिनात तेलपाणी करतो, गाडी पुसतो. दसऱ्याला नागपूरला दीक्षा घ्यायला गेला, तो रजा न मागता. दिवाणजींचा राग तेव्हाचा. कापूस तोलायच्या काट्यापाशी, माल घेऊन आलेल्या सगळ्या गाडीवानांसमोर, छोटे शेठ त्याला म्हणाले, "धरम बदला तो बदला, हमारी गाडी क्यों सडाई? उद्यापासून येऊ नको."

"म्या पानी नाई मारलं, शेठ. मी तं इथं नव्हतोच." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हातातल्या पान्याकडं पाहत राहिलो.

फळी मी नीट करतो, म्हणालो. तेवढंच बोललो.

मंगळ. ६ नोव्हें.

हँडल काढलं. अकरा स्क्रू, तीन गंजलेले. फळी लाकडाची वाटते पण दाबलेला पुठ्ठाच तो, वरून काळं रेक्झिन. मागच्या बाजूला कुंकवाचा ओघळ, वरपासून खालपर्यंत. दाराच्या बुडाशी पाणी जायला बोटभर भोक आहे. त्यात झेंडू अडकलेला. पाणी आत तुंबून राहिलं, पुठ्ठा तीन आठवडे ते पीत बसला. कोपऱ्यात माझ्या अक्षता, फुगून पांढऱ्या झालेल्या.

सुखदेवनं दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. स्टेशनकडं निघताना, नवं धोतर नेसून: "मिस्त्री, उद्या पूजा करान तं करा, पन पानी नका लावू गाडीले. वल्ल्या फडक्यानं पुसजा. आत पुठ्ठा हाय."

"मले शिकवतो काय बे?" मी. हसून म्हटलं होतं, पण म्हटलं होतं.

वीस वर्षं जिनाच्या लोखंडात गेली. लोखंड धुवावं, पुसावं, तेल द्यावं. पुठ्ठ्याचं मला काय कळणार? आणि ज्याला कळत होतं त्याचं ऐकलं नाही.

अक्षता केरात टाकवेनात. घरी नेऊन तुळशीत टाकल्या.

गुरु. ८ नोव्हें.

रेक्झिन कडेनं सोडवलं, बोथट सुरीनं, सावकाश. फाटलं नाही. फळीला वाफ दिली, दोन सागवानी फळ्यांच्या मध्ये घातली, कुंकवाची कड तेवढी बाहेर राहिली, वर काट्याची वजनं ठेवली. जिनाच्या प्रेसमध्ये घालावी असं क्षणभर वाटलं. भुगाच झाला असता.

सुखदेव आपला डबा न्यायला आला. आता तो रामराम घालत नाही. 'जय भीम' म्हणाला. मी नुसता खोकलो.

तो गोदामाच्या दारातच उभा. वजनांकडं पाहून म्हणाला, "दोनी अंगानं हवा लागू द्या. एकाच अंगानं वाळन तं पुन्हा वाकन."

"हो."

"येतो."

एवढंच. ज्याची रोजी गेली तो मला काम सांगून गेला, आणि मी हो म्हणालो.

रवि. ११ नोव्हें.

वजनं काढली. फळी सरळ! हात फिरवून पाहिला, बरं वाटलं. जेवून आलो तर पुन्हा वाकलेली, पहिल्यापेक्षा थोडी कमी. उगाच चार दिवस घालवले.

सोम. १२ नोव्हें.

नवीनच करतो. किराणा दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणलं, त्याची पातळ प्लाय चांगली आहे. जुन्या फळीवरून घेर उतरवला, कापला, दाराला लावून पाहिला तर खाली अर्धं बोट कमी. वाकडीवरून उतरवल्यावर दुसरं काय होणार. आता खोक्याच्या दुसऱ्या बाजूवर, जुनी फळी गुडघ्यांनी दाबून सपाट धरली आणि मग पेन्सिल फिरवली. जमलं.

स्क्रूची भोकं तापल्या तारेनं पाडली. गिरमिटानं प्लायला चिरा जातात.

अनसू (माझी मंडळी) सकाळी तुळशीला पाणी घालताना: "हे तांदूळ कोनी टाकले जी इथं? कुजके."

"पूजेचे आहेत."

"कोन्या पूजेचे? आपल्या घरचे असे मोटे तांदूळ नाईत."

मी पायताण घालून जिनाकडं निघालो. 

बुध. १४ नोव्हें. एकादशी

उपास. संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन होतं. टाळ धरले, नुसते वाजवत राहिलो. बाजूचा म्हणाला, "घसा बसला का, मिस्त्री?" मान हलवली.

खरं लिहायचं तर आज लिहायला हवं. देवासमोर बसून आलो आहे.

सात बादल्या कशाला? गाडी दोनच बादल्यांत स्वच्छ निघाली होती. वर्षभर सुखदेवचे हात त्या गाडीला लागत होते, तेव्हा मला काही वाटलं नाही. त्या सकाळी वाटलं. तो देव सोडून गेला, आणि वाहनाची पूजा करायची म्हणजे आधी ते धुऊन काढलं पाहिजे. बाहेरून तर धुतलंच, आतूनही, तो जिथं बसून पुसायचा तिथं, दाराच्या आत जिथं हात घालायचा तिथं. मी धूळ धुतली नाही. मी सुखदेवला धुतलं.

अकरा वर्षं बरोबर काम केलं. त्याला जिनात मीच आणला होता. माझा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला तेव्हा पट्टा त्यानं सोडवला. त्याच हातानं बादल्या ओतल्या.

शुक्र. १६ नोव्हें.

जवसाचं तेल, दुसरा हात. दोन्ही बाजूंना, कडांना जास्त. सुखदेव म्हणाला तसं फळी दोरीला टांगून ठेवली, दोन्हीकडून हवा. मागच्या बाजूला काही लावताना सारखं वाटतं, इथं कुंकवाचा ओघळ होता. आता नाही. चांगलं काम कसं सगळं पुसून टाकतं.

जुनी फळी जाळावी म्हणून चुलीपाशी नेली होती. परत आणली.

रवि. १८ नोव्हें.

रेक्झिन चिकटवलं, बसवलं. भोकात मुद्दाम तार घालून पाहिली, साफ. छोटे शेठ आले. दार लावलं तर टक् असा आवाज. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. चार वेळा. लहान पोरासारखे खूश.

"मिस्त्री, मुंबईले पाठवली असती तरी अशी नसती झाली. इमानदार मानूस म्हणतात तो असा!" दिवाणजींना म्हणाले, "देखो, काम ऐसा होता है. नाही तर तो..."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पेढ्यांचा पुडा हातात आला आणि मी 'बरं' म्हणालो.

अनसू म्हणाली, देवापुढं ठेवा आधी. मी ओट्यावर ठेवले. तिनं पाहिलं.

"काऊन? देवापुढं काऊन नाई?"

तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती चूल फुंकत होती. फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्याच्या बायकोले काल बाजारात पायलं म्या. दुसऱ्याच्या वावरात कापूस येचाले जाते आता. ते मले हासून बोलली. तिले मालूम नसन." मग, "का मालूम असन?"

पेढे मुंग्यांनी खाल्ले.

गुरु. २२ नोव्हें.

सुखदेव हिंगणघाटला एका जिनात काम मिळतं का पाहायला गेलाय असं कळलं. तिकडे गेला तर बिऱ्हाडच हलवील. मग मी कोणाला सांगायचं? तुळशीला?

छो. शे. रविवारी येतात. तेव्हा. काट्यापाशी, जिथं त्याला बोलले तिथंच. खोलीत एकट्याला गाठून नाही.

रवि. २५ नोव्हें.

सांगितलं.

काट्यावर तीन गाड्या उभ्या होत्या, हमाल, गाडीवान, दिवाणजी. जुनी फळी पोत्यातून काढून छोट्या शेठपुढं धरली. कुंकवाचा ओघळ दाखवला. म्हणालो, "सुखदेव पूजा करत नाही. ही पूजा माझी. पाणी मी ओतलं, ओली गाडी मी झाकली. त्यानं तर नको म्हणून सांगितलं होतं." 

छोट्या शेठनी ओघळावरून बोट फिरवलं. मग हसले. "अरे मिस्त्री, पूजाच केली ना? पाप तो नही किया. जाऊ द्या."

"मग सुखदेवला बोलवा."

"देखेंगे." दिवाणजींकडं पाहिलं. दिवाणजी काट्याकडं पाहत होते. "तो बिनारजा गेलता, ते तं हायच ना," म्हणाले. तेव्हा कळलं की पुठ्ठा हे निमित्त होतं. निमित्त पुरवलं मी.

मागून एक हमाल मोठ्यानं म्हणाला, "मंग तवा तोंड काऊन शिवलं होतं, मिस्त्री?" दोघेतिघे हसले. त्यानं बरोबर विचारलं. मी फळी पोत्यात घातली.

अर्धंच काम झालं. पाण्याचं सांगितलं. सात बादल्यांचं नाही. ते या लोकांना सांगायचं नाही, ज्याला धुतलं त्याला सांगायचं.

सोम. २६ नोव्हें.

दुपारी सुट्टी घेऊन सुखदेवच्या घरी गेलो. रुळांपलीकडं, उन्हात. अकरा वर्षांत त्या दारात पहिल्यांदा. तो बाज विणत होता. भिंतीतल्या कोनाड्यात देव असावेत तिथं काजळीचा डाग तेवढा उरलाय, खाली बुद्धाचं चित्र.

"काल बोलले म्हने तुमी काट्यापाशी."

"हो."

"मले मालूमच होतं. डबा न्याले आलतो तवा फळीवर कुकू दिसलं." सुंभ ओढत राहिला. "वाट पायली म्या. दोन हप्ते."

मग मी दुसरं सांगितलं. सात बादल्या कशासाठी, ते. जसं एकादशीला लिहिलं तसंच, शब्द मऊ न करता. त्याचे हात थांबले. वर पाहिलं नाही. त्याची बायको आतून दारात येऊन उभी राहिली होती, तिनंही ऐकलं.

 रुळांवरून मालगाडी पूर्ण गेली.

मी पाणी मागितलं.

सुखदेव म्हणाला, "तहान लागली म्हनून, का पाप फेडाले?"

विचार करून सांगितलं. "चालत आलो. तहान आहे. दुसरंही आहे."

त्यानं बायकोकडं पाहिलं. ती आत गेली, तांब्या आणला, माझ्या हातात नाही दिला, बाजेच्या पायाशी ठेवला. मी वाकून उचलला आणि प्यायलो, सगळा.

"हिंगनघाटचं अजून पक्कं नाई," तो म्हणाला. मला म्हणाला की तिला, कळलं नाही. पुन्हा सुंभ ओढू लागला. दुसरं टोक मोकळं लोंबत होतं. मी ते धरलं. त्यानं सोड म्हटलं नाही, धर असंही नाही.