ताईच्या वतीने

रविवार, ३ फेब्रुवारी

ताईला घरी आणलं. दवाखान्यातले डॉक्टर फार फिरवून फिरवून बोलले बिचारे — आता घरीच बरं, आपल्या माणसांत, आपल्या पलंगावर. म्हणजे काय ते आम्हाला कळलं. ताईलाही कळलं. गाडीत मला म्हणाली, "काच खाली कर गं, तो औषधांचा वास जाऊ दे."

दाजींनी पलंग आधीच बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी आणून ठेवला होता. पायांखाली लाकडी ठोकळे, म्हणजे तिला उचलताना कुणाची कंबर धरायला नको. न्हाणीतून पलंगापर्यंत रबरी नळी, कोमट पाण्याची. नळदुरुस्ती करणारा माणूस! दुसऱ्या कुणाला सुचलं असतं? बायको मरायला घरी येणार म्हणून ठोकळे तासत बसला होता हा माणूस. मी न्हाणीत जाऊन रडून घेतलं. मग तोंड धुऊन बाहेर आले.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

दुकानातून सुट्टी घेतली. मालकीण म्हणाली, "कपडे उसवायला-शिवायला बघते कुणीतरी, तू जा बहिणीकडे." भली बाई.

दिवे लागले तशी ताईनं प्रार्थना म्हटली. लग्न झाल्यापासून रोज म्हणते, मोठ्यानं, ठरलेल्या क्रमानं — शेजारी, आजारी, चर्चचे पाळकसाहेब, मग मी. माझ्यासाठी काय, तर "माझ्या बहिणीच्या जिभेला लगाम घाल". इतकी वर्षं मागतेय, अजून काही मिळालेलं नाही! आणि आमेनच्या आधी, पुढे कधीतरी भर पडलेली, शेवटची ओळ : "आणि ह्यांना परत आण."

दाजी उंबऱ्यात पाठमोरे बसलेले असतात. नळाचे पाने, पकडी पुसत. सगळं ऐकत. त्यांची लेक छकुली तापानं गेली, त्यानंतर चर्चमध्ये उपासनेला त्यांनी पाऊल ठेवलं नाही. चर्चच्या मागची गटार तुंबली की मात्र पहिलं बोलावणं ह्यांनाच. जातात, साफ करून देतात, घंटा वाजायच्या आत घरी.

आज ताईचा आवाज पार बसलेला. पण ती ओळ म्हटलीच. दाजी पाना पुसत राहिले.

शनिवार, ९ फेब्रुवारी

महिला मंडळ आलं. सोबत पाळकसाहेब. पलंगाभोवती गुडघे टेकून सगळ्यांनी डोळे मिटले आणि पाळकबाईंनी सुरू केलं — "प्रभू, या घरातल्या अविश्वासी माणसासाठी..." तो अविश्वासी माणूस त्यांच्यामागेच चहाचा ट्रे घेऊन उभा! प्रार्थना काही संपेना. चहा निवला. दाजी आत गेले, परत गरम करून आणला. मला हसूही आलं आणि तो चहा कुणाच्या तरी डोक्यावर ओतावासाही वाटला.

जाताना पाळकसाहेब ताईला धीर द्यायला गेले. म्हणाले, माणूस तरतो तो विश्वासानं, कृत्यांनी नाही. तुम्ही निश्चिंत असा.

ताई म्हणाली, "मग ह्यांचं काय?"

पाळकसाहेब "प्रार्थना करू या," म्हणाले.

करू या! ताईच्या खालचं भांडं भरलं होतं. ते दाजी घेऊन गेले. तिचा चेहरा दिवसभर उतरलेला.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज तिनं विचारलंच. दाजी तिच्या पाठीला पावडर लावत होते. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, एकदाच म्हणा ना, माझा विश्वास आहे म्हणून. मला ऐकून जाऊ द्या."

दाजींनी पावडरीचा डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझ्याशी खोटं कसं बोलू?"

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "काय जातं हो तुमचं? एक वाक्य! ती सुखानं जाईल!" एवढा मोठा माणूस, भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाले, "भिंतीत पाणी मुरत असलं ना, कान लावला की कळतं. थेंबभर असलं तरी कळतं. छकुली गेल्यापासून कान लावून बसलोय, बाईसाहेब. काही ऐकू येत नाही. येत नाही ते येतं कसं म्हणू?"

हट्टी मेला माणूस! मी ताटं मोरीत आपटली. त्यांनी उठून ती घासली.

रविवार, १७ फेब्रुवारी

चर्चला गेले. नेहमीसारखा ऑर्गन वाजवला. काय वाजवलं, आठवत नाही.

बुधवार, २० फेब्रुवारी

ताईनं बरेच दिवस संध्याकाळची प्रार्थना म्हटलेली नाही. मला वाटलं, ताकद नाही.

तसं नाही.

दाजी औषधं आणायला गेले होते. तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "माझ्यात काही उरलं नाही गं. ओठ नुसते हलवत होते. छकुली गेली तेव्हासुद्धा देव होता माझ्याजवळ. रागावले त्याच्यावर, भांडले, पण होता. आता हाक मारते तर कुणीच नाही. मला भीती वाटते."

मी म्हटलं, "मग दाजींच्या मागे का लागलीस, म्हणा म्हणून?"

"आधी त्यांची काळजी होती. आता माझीच आहे. हे कधी खोटं बोलत नाहीत. हे 'आहे' म्हणाले असते, तर मला पटलं असतं."

मग माझा हात घट्ट धरून, "ह्यांना सांगू नकोस. पाळकसाहेबांना तर मुळीच नको."

रविवारच्या शाळेत पोरांना मीच शिकवते. त्यांच्या सगळ्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर असतं! आज तिच्याजवळ बसून नुसती रडले. घरी येताना देवाला चार गोष्टी सुनावल्या. जन्मभर त्याचं नाव घेतलं तिनं, आणि नेमका आत्ता तोंड फिरवून बसलास?

गुरुवार, २१ फेब्रुवारी

शब्द मोडला. सांगितलं दाजींना.

ते मागच्या अंगणात तिची चादर धूत होते. ऐकलं. नळ बंद केला. मग म्हणाले, "म्हणजे प्रार्थना तिला आता जमतच नाही?"

"नाही जमत."

चादरीचं एक टोक त्यांनी माझ्याकडे दिलं. दोघांनी मिळून पिळली. वाळत घालताना म्हणाले, "तिला जमत नाही ते बाकी सगळं मी करतोच की."

संध्याकाळी उंबऱ्यात बसले नाहीत. हात धुतले, ताईच्या उशाशी स्टूल ओढलं आणि सुरू केलं. शेजारी, आजारी, पाळकसाहेब. माझी जीभसुद्धा आली! ताईचाच क्रम, ताईचेच शब्द. पाठमोरं बसून इतकी वर्षं सगळं पाठ झालेलं. ताई डोळे मोठे करून बघत होती. शेवटच्या ओळीपाशी अडखळले. गाळली ती. आमेनही म्हणाले नाहीत, तिच्याकडे बघत थांबले.

बऱ्याच वेळानं ताई म्हणाली, "आमेन."

मी त्यांना दारात अडवलं. "म्हणजे आता तुमचा विश्वास..."

"नाही," दाजी म्हणाले. "मी तिच्या वतीनं म्हणतो. विश्वास तिचाच आहे. ती बरी नाही तोवर माझ्याकडे ठेवायला दिलाय, असं समज."

ती बरी नाही तोवर, म्हणे. आमच्या दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

रोज म्हणतात. ती ओळ रोज गाळतात. ताईला कळतं, पण ती काही बोलत नाही. तिला सगळं परत मिळालं असं मी लिहिणार नाही, मला माहीत नाही. पण ते म्हणायला लागले की चादरीवरची तिची मूठ सुटते. आज आमेनसाठी आवाज फुटला नाही. बोट हललं. दाजी तेवढ्यासाठी थांबून होते.

शुक्रवार, १ मार्च

ताई गेली. सकाळी. दाजी तिचे केस विंचरत होते.

रविवार, ३ मार्च

माती दिली.

पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या या भगिनीनं अखेरपर्यंत विश्वास राखला." राखला गेला खरा. कुणी राखला, ते त्यांना कुठून कळणार? तो माणूस सगळ्यांच्या मागे, हातात टोपी धरून उभा होता.

पाळकबाई कानाशी लागल्या, "दाजींसाठी आता जास्त प्रार्थना करायला हवी." मी गप्प बसले. शेवटी ताईचं मागणं माझ्या बाबतीत लागू पडलं म्हणायचं! आणि हे तिला सांगायला ती नाही.

सगळे पांगले तरी दाजी दिसेनात. दफनभूमीच्या फाटकाजवळचा नळ गळत होता, तो घट्ट करत बसले होते.

मंगळवार, १९ मार्च

मला प्रार्थना करता येत नाही. पहिला शब्द येतो, पुढे काही नाही. ऑर्गन वाजतो तो बोटांना सवय आहे म्हणून. ताईला काय वाटलं असेल ते आता कळतं. ताई गं!

शुक्रवार, ५ एप्रिल

दाजींना डबा द्यायला गेले. दिवे लागायची वेळ. दार लोटलेलं, आतून त्यांचा बोलण्याचा आवाज. वाटलं, कुणी आलंय. खिडकीतून बघितलं तर कुणी नाही. पलंग अजून ठोकळ्यांवर तसाच, आणि समोर स्टुलावर दाजी एकटे. शेजारी झाले. आजारी झाले. माझी जीभ झाली. मग ती ओळ आली, रोज गाळायचे ती. थांबले.

"आणि मला परत आण."

पुढे आमेन नाही. रिकाम्या पलंगाकडे बघत वाट बघत राहिले.

मी बाहेर उभ्या उभ्या आमेन म्हटलं. हळूच. त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.